पाच पायांचा बैल आणि न मिळणारे चित्रकार

पोळ्याच्या पुरवणीचं पहिलं पान. झूल, बाशिंग, घुंगरमाळा, मागं हिरवंगार शिवार. चित्र दिसायला झकास. सकाळीच एका शेतकऱ्याचा फोन आला, "भाऊ, बैलाले पाच पाय काऊन हायेत?" मोजले. खरंच पाच.

चित्र एआयनं काढलेलं. डेस्कवर विचारलं तर उत्तर मिळालं, "चांगले चित्रकार मिळतात कुठं आता?"

मला या एका वाक्यावर बोलायचंय. मिळत नाहीत म्हणजे काय? शोधले कधी होते?

चंद्रपूर जिल्ह्यात, राजुरा तालुक्यात सास्ती नावाचं गाव आहे. कोळसा खाणीचं. तिथल्या खाणकामगारांच्या घरातला प्रभाकर पाचपुते, जन्म १९८६चा. खैरागड आणि बडोद्याला शिकला. कोळशानंच चित्रं काढतो, भिंतीच्या भिंती भरतो. त्याच्या कितीतरी चित्रांत माणसाला डोकंच नसतं, त्या जागी खाणीतला दिवा असतो. ज्यानं खाणीत उतरणारा माणूस जवळून पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार सहा जणांत विभागून दिला गेला, त्यात हा एक. २०२२ मध्ये व्हेनिस बिएनालेत त्याचं काम होतं.

मी याच विदर्भातला वार्ताहर. कोळसा पट्ट्यातलं भूसंपादन, धूळ, अपघात, कितीतरी बातम्या पाठवल्या. आणि हे नाव मला कळलं आर्ट कॉलेजात शिकणाऱ्या भाचीच्या मोबाईलवर. "मामा, तुमच्या पेपरात यांच्यावर आलं असेल ना?" मी चहा सांगितला.

लांबचं कशाला, मुक्त नावाचा देवनागरी फॉन्ट घ्या. मुंबईच्या 'एक टाइप'चा, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी घडवलेला. फुकट, कुणीही वापरावा असा. तुम्ही तो पाहिलेला आहे, फक्त नाव माहीत नाही. अक्षरं आकाशातून पडतात असंच आपल्याला वाटतं. 'क्ष' आणि 'द्ध' कुणीतरी माणूस बसून, पुसून, परत काढतो हे डोक्यातच येत नाही.

आता आमच्या धंद्याचं. दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा निकाल लागतो. बातमी ठरलेली: अमुक विद्यालयाचा शंभर टक्के निकाल. फोटोत संस्थाध्यक्ष, मुख्याध्यापक, पुष्पगुच्छ, मागच्या रांगेत पोरं. चित्रकलेची बातमी, आणि तिच्यात एकही चित्र नाही! मी स्वतः अशा बातम्या पाठवल्यात, दुसऱ्या कुणाला कशाला दोष देऊ.

त्याहून वाईट काम केलंय. पुरवणीसाठी गुगलवरून चित्र उचलायचं, खाली 'प्रातिनिधिक' असं टाकायचं, झालं. कुणाचं प्रातिनिधिक? ज्यानं काढलं त्याचं तर नक्कीच नाही. पत्रकारितेची पदविका करताना आम्हाला शिकवलं होतं की फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव जातं. नोकरीला लागल्यावर महिनाभरात विसरलो.

आणि पैसे? तालुक्याच्या दिवाळी अंकात कवितेला निदान अंकाची एक प्रत मिळते. मुखपृष्ठ काढणाऱ्याला "तुझं नाव होईल" असं सांगतात आणि छापताना तेच नाव गाळतात. अशा एका अंकाचं मुखपृष्ठ केलेला पोरगा आज फ्लेक्सच्या दुकानात बसतो. भावी आमदारांच्या फोटोमागचं बॅकग्राउंड उडवतो. हात अजून तसाच आहे त्याचा, गिऱ्हाईक थांबलेलं असताना पावतीच्या मागं पेनानं चेहरे काढत असतो. मी पाहिलेत. आपण त्याला रोज ओलांडून जातो आणि चित्रकार मिळत नाहीत म्हणतो.

सोशल मीडियावर सापडतात की, असं काही जण म्हणतील. सापडतात, खरंय. पण ज्याला आधीच आवड आहे त्याला. गावातल्या सातवीतल्या पोरीला आपल्याच जिल्ह्यातला माणूस चित्र काढून जग फिरतो हे कळायला तिच्या घरी येणाऱ्या पेपरात ते आलं पाहिजे. ते आमचं काम होतं.

गेल्या आठवड्यात मी शनिवारच्या पानावर चित्रकारासाठी पाव पान मागितलं. "जाहिरात आणतोस का?" असा प्रश्न आला. बघू. तोवर इथंच सुरू करतो. तुमच्या गावात कोण चित्र काढतं, अक्षरं काढतं, मूर्ती रंगवतं, त्याला विचारून त्याचं काम नावासकट खाली टाका. सत्काराचे फोटो नकोत.