जवानाच्या म्हातारपणाचा हिशेब



जिल्हा बैठकीच्या अंकात कापूस-ज्वारी सोडून अमेरिकेतल्या म्हाताऱ्या सैनिकांची गोष्ट कशाला, असे कुणीही विचारील. विचारायलाच हवे. उत्तर सरळ आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' हा घोष दिला. त्यातले दोघेही आपल्याकडे पुष्कळदा एकाच घरातले असतात. कोरडवाहू पाच एकरांत दोघा भावांचे भागत नाही, म्हणून एक औत धरतो आणि दुसरा भरतीच्या रांगेत उभा राहतो. जयजयकार दोघांच्याही वाट्याला येतो, कारण जयजयकाराला खर्च नाही. खर्चाची वेळ आली की सरकार कसे वागते, ते अमेरिकेच्या दीडशे वर्षांच्या हिशेबात स्वच्छ दिसते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झाले. त्या युद्धाच्या मुळाशी गुलामगिरी होती, आणि गुलामगिरी पोसली होती मुख्यतः कापसाच्या शेतांवर. वऱ्हाडाला हे युद्ध परके नाही. तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच तो कोसळला. आपल्या पणजोबांनी त्या युद्धाचा भाव पाहिला. तिकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी त्याच युद्धात हातपाय गमावले.

लढाई चालू असतानाच, १८६४ साली, कनेक्टिकट राज्यात बेंजामिन फिच नावाच्या एका धनिकाने सैनिकांसाठी आणि त्यांच्या अनाथ मुलांसाठी एक घर काढले. पुढे एकेका राज्याने आपापले सैनिकगृह उभारले. पण राज्यांच्या तिजोऱ्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा १८८८ साली केंद्र सरकारने कायदा केला की राज्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येक पात्र सैनिकामागे केंद्र राज्याला वर्षाला १०० डॉलर देईल.

या कायद्यातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे रक्कम लिहून दिली होती. 'यथाशक्ती मदत करू' असे मोघम बोलून सोडले नव्हते. भावांनो, हा फरक आपल्याइतका कुणाला कळणार? भाव लिहून दिला असेल तर मापावरून तरी भांडता येते. 'बघू, करू' म्हटले की भांडायलाही हाताशी काही उरत नाही.

आज तिथल्या पन्नासही राज्यांत मिळून अशी दीडशेहून अधिक घरे आहेत. बांधकामाच्या खर्चातला ६५ टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र उचलते. घर चालवायचे राज्याने. राहणाऱ्या पात्र सैनिकामागे केंद्र रोजच्या रोज ठरलेला दर देते. सैन्यसेवेमुळे ज्याला ७० टक्के किंवा अधिक अपंगत्व आले, त्याच्या शुश्रूषेचा पूर्ण खर्च केंद्राने द्यायचा, असा कायदा २००६ साली झाला.

आता दुसरे पान पाहा. १९७८ साली राज्यांना सैनिकांच्या दफनभूमीसाठीही केंद्राचे अनुदान सुरू झाले. आधी ते निम्मे होते. १९९८ साली ते वाढवून बांधणीच्या खर्चाच्या शंभर टक्क्यांपर्यंत नेले. जमीन राज्याची, पुढची निगा राज्याची. म्हणजे खाटेच्या इमारतीला ६५ आणि कबरीला १००!

तिथे मेलेल्याची माया जिवंतापेक्षा जास्त, असा याचा अर्थ नाही. खाटेवरच्या माणसाला रोजचा दर मिळतोच. पण सरकार नावाच्या यंत्राचा स्वभाव यातून कळतो. कबर एकदा बांधली की गवत कापणे आणि दगड पुसणे एवढेच उरते. खाटेवरच्या माणसाला तिन्ही त्रिकाळ जेवण लागते, औषध लागते, कूस बदलायला रात्री माणूस लागतो. कबर भाषण ऐकून घेते. खाटेवरचा म्हातारा उलट बोलतो. म्हणून मेल्यावर मान देणे सरकारला सोपे जाते आणि जिवंतपणी सांभाळणे जड जाते.

ते किती जड जाते, ते २०२० साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या होलिओक येथील सैनिकगृहात दिसले. करोनाची साथ आली. माणसे कमी होती, आणि ही टंचाई जुनीच होती. मार्चच्या अखेरीस स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांचे दोन कक्ष एकत्र केले गेले आणि आजारी व धडधाकट यांच्या खाटा शेजारी शेजारी आल्या. किमान ७६ सैनिक दगावले. २०२२ साली राज्याने त्यांच्या कुटुंबांना ५ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. कायदा होता, दर होता, इमारत होती. रात्रपाळीला पुरेशी माणसे नव्हती. लिहून घेतलेला दरसुद्धा राखण बसवल्याशिवाय टिकत नाही, हा त्यातला धडा.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पाठीच्या कण्याला इजा होऊन पांगळे झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळतात आणि निधी गोळा करतात. वर्गणी चांगली, जरूर द्यावी. पण वर्गणी म्हणजे हक्क नव्हे. वर्गणी देणाऱ्याच्या मनावर असते, हक्क घेणाऱ्याच्या हातात असतो.

शिवाय भरतीचे स्वरूपही बदलले आहे. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी ठरली. चौथा हिस्सा पोरे पुढे कायम होऊ शकतील, बाकीच्यांनी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी परतायचे, पेन्शन नाही. ऐन पंचविशीत परतलेला हा पोरगा कुठे येणार? त्याच पाच एकरांत, त्याच भावाजवळ. म्हणजे जवानाच्या म्हातारपणाचा भार शेवटी कोरडवाहू शेतीवरच पडणार, आणि त्या शेतीला स्वतःचा भार सोसत नाही.

म्हणून या बैठकीतून गावी जाताना एक काम घेऊन जा. गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाचे नाव, वय आणि प्रकृती लिहून काढा. ती यादी घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि नम्रपणे तीन प्रश्न विचारा. अंथरुणाला खिळलेल्या माजी सैनिकासाठी या जिल्ह्यात खाटा किती? त्यांचा खर्च केंद्र देते की राज्य? आणि दिवसाचा दर काय? उत्तर लेखी मागा.

गावात जवानाचे पार्थिव येते तेव्हा मंत्री येतात, बंदुकीच्या फैरी झडतात, आपणही डोळे पुसतो. तो मान त्याचा हक्काचाच आहे. पण जो जिवंत परत आला आणि ओसरीवर खोकत पडला आहे, त्याच्या दारात कोण येते, तेही एकदा मोजून पाहू.