विश्लेषण : उन्हेऱ्याच्या गरम पाण्यात राहते कोण? आणि पालीकरांनी त्याची दखल का घ्यावी?

पालीत बल्लाळेश्वराचे दर्शन झाले, की अनेक भाविकांच्या गाड्या जवळच्या उन्हेऱ्याकडे वळतात. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचे, जमल्यास आंघोळ करायची आणि परतीच्या वाटेला लागायचे, असा हा नेहमीचा क्रम. पाणी गरम का, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. या पाण्यात राहते कोण, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. अशाच एका गरम झऱ्यातील जिवाणूमुळे करोनाकाळातील ‘आरटी-पीसीआर’ चाचणी शक्य झाली. म्हणून उन्हेऱ्याकडे केवळ ‘पर्यटनस्थळ’ म्हणून पाहणे पुरेसे नाही.

पाणी गरम कशामुळे होते?

कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. तरीही ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून रायगडमधील उन्हेरे आणि महाडजवळील सव, पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडीपर्यंत गरम झऱ्यांची एक रांगच आहे. ती साधारणपणे सह्याद्रीला समांतर जाते. पावसाचे पाणी बेसाल्ट खडकातील भेगांमधून खोलवर मुरते. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले, की तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते. खोलवर तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते. येताना ते खडकातील क्षार विरघळवून आणते. काही झऱ्यांना येणारा वास गंधकाच्या संयुगांचा असतो.

एवढ्या उष्णतेत जीव तगतो कसा?

अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते, हे त्याचे कारण. आपल्या पेशींतील प्रथिनांचीही हीच गत होते. ४५ अंशांहून अधिक तापमानात सुखाने वाढणाऱ्या उष्णताप्रेमी जिवाणूंची प्रथिने मात्र अधिक घट्ट विणलेली असतात. त्यांच्या पेशींचे आवरणही उष्णतेत वितळून जाणार नाही अशा घडणीचे असते. जिथे माणूस हात घालू शकत नाही, तिथे हे जीव आरामात पोट भरतात. काही सूर्यप्रकाशावर जगतात, तर काही गंधकाच्या संयुगांतून ऊर्जा मिळवतात. गरम झऱ्यांच्या कडेला दगडांवर दिसणारा हिरवट-केशरी बुळबुळीत थर ‘शेवाळ’ म्हणून घासून काढला जातो. प्रत्यक्षात ती अनेकदा सूक्ष्मजीवांची एकावर एक रचलेली वसाहत असते.

आरटी-पीसीआरशी संबंध काय?

१९६६ मध्ये अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील गरम झऱ्यातून थॉमस ब्रॉक आणि त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हा जिवाणू वेगळा केला. तेव्हा त्यामागे कुतूहलाखेरीज दुसरा हेतू नव्हता. पुढे १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या प्रती काढण्याची ‘पीसीआर’ ही पद्धत सुचली. तिच्यात प्रत्येक फेरीला मिश्रण ९५ अंशांच्या आसपास तापवून डीएनएचे दोन धागे सुटे करावे लागतात. साधे विकर, म्हणजे एन्झाइम, या तापमानात निकामी होई आणि दर फेरीला नवे घालावे लागे. थर्मस अ‍ॅक्वाटिकसचे ‘टॅक’ नावाचे विकर मात्र टिकले. त्यामुळे सगळे काम यंत्रावर सोपवता आले. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. म्हणजे एका रेणूपासून ३० फेऱ्यांत सुमारे १०७ कोटी प्रती. नमुन्यातील नगण्य विषाणूही पकडला जातो तो या गुणाकारामुळे. मुलिस यांना १९९३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. पीसीआरचे पेटंट १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरना विकले गेले. ज्या उद्यानातून जिवाणू आला, त्या यलोस्टोनला त्यातला एक डॉलरही मिळाला नाही.

महाराष्ट्रात असे संशोधन झाले आहे का?

होय. नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वरच्या गरम झऱ्यातील जिवाणूंचा जनुकीय अभ्यास पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी केला आहे. २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्यामागे मीठप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. निसर्गातील बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतील बशीत वाढतच नाहीत. म्हणून आता पाण्यातील सगळा डीएनए एकदम वाचून त्यात कोण कोण आहे याचा शोध घेतला जातो. जे जिवाणू वाढवता येतात, ते जतन करण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. थोडक्यात, संशोधनाची सोय पालीपासून एका घाटापलीकडे उपलब्ध आहे.

गरम पाण्यात जंतू मरतात, हे खरे का?

माणूस बसू शकतो एवढ्या गरम पाण्यात नाही. पाणी निर्जंतुक करायचे तर ते उकळावे लागते. ‘नेग्लेरिया फाउलेरी’ हा मेंदूला घातक ठरणारा अमीबा तर ४६ अंशांपर्यंतच्या कोमट गोड्या पाण्यात वाढू शकतो. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळमध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. उन्हेऱ्यात तो आहे, असे इथे सुचवायचे नाही आणि हा आजार फार दुर्मीळ आहे. पण तो नाकावाटे शिरतो. म्हणून कोणत्याही गरम कुंडात डुबकी मारू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये आणि उघडी जखम असताना उतरू नये. खाज-खरूज बरी होईल या आशेने डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये आणि एकाचा संसर्ग कुंडातून इतरांना होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

कायदा काय सांगतो?

२००२ च्या जैवविविधता कायद्यात ‘जैविक संसाधन’ म्हणजे केवळ झाडे आणि प्राणी नव्हेत, सूक्ष्मजीवही येतात. परदेशी कंपनीला ते वापरण्यासाठी चेन्नईतील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. फायद्यातील वाटा स्थानिकांपर्यंत पोहोचावा, अशीही तरतूद आहे. प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांच्या सहभागातून नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. यलोस्टोनच्या वेळी असे कवच नव्हते. आपल्याकडे ते आहे. पण नोंदवहीत सहसा आंबा, सागवान, बिबट्या लिहिला जातो. झऱ्यातील न दिसणाऱ्या रहिवाशांची आठवण कुणाला होत नाही.

मग करायचे काय?

गरम झऱ्यांच्या ‘विकासा’ची आपली कल्पना ठरलेली आहे : फरशी, सिमेंटचे कठडे, कपडे बदलायच्या खोल्या. यातले काही आवश्यकच आहे. विशेषतः महिलांसाठी स्वच्छ, सुरक्षित सोय हवीच. पण पाणी जिथून उगम पावते तो कोपरा तरी मोकळा, न घासलेला राहू द्यावा. आंघोळीच्या कुंडात साबण-शाम्पू आणि कपडे धुण्याला बंदी असावी, आणि ती पाळलीही जावी. पाण्याची नियमित तपासणी करून अहवाल फलकावर लावावा. सुधागड-रोहा भागातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी दर महिन्याला झऱ्याचे तापमान आणि आम्लता मोजून नोंदवली, तरी काही वर्षांत उपयोगी माहिती हाती येईल. त्यासाठी तापमापक आणि साधी पट्टी पुरते, कोट्यवधींचा निधी लागत नाही.

उन्हेऱ्यात दुसरा थर्मस अ‍ॅक्वाटिकस सापडेलच, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आंघोळीजोग्या पाण्यात अतितप्त झऱ्यांतील जीव मिळणे तसेही अवघडच. मात्र १९६६ मध्ये यलोस्टोनच्या त्या जिवाणूचा काय उपयोग होईल, हेही कुणाला माहीत नव्हते. तो सापडला, कारण तो झरा कुणी फरशी बसवून घासून काढला नव्हता.