नकारानंतरचा गोन्सालो

वसईचा किल्ला म्हटला की चिमाजी अप्पा आणि १७३९ सालचा विजय आठवतो, आणि ते रास्तच आहे. पण त्याच किल्ल्यात, सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज अमदानीत, एक मुलगा जेझुइट फादरांच्या हाताखाली शिकला. बाप पोर्तुगीज, आई वसईचीच. गोन्सालो गार्सिया त्याचं नाव. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो.

नागपूरजवळच्या आमच्या बेसात गुरुवारी स्वामी समर्थांच्या मंदिराकडे माणसांची रीघ लागते. संत म्हणजे काय, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तरी गोन्सालोचं नाव काढलं की शेजारी विचारतात, हा कोण? त्यांचं सोडा, आम्हा नागपूरकर कॅथलिकांतही पुष्कळांना तो ठाऊक नाही. पाद्वाचा अँथनी माहीत, असिसीचा फ्रान्सिस माहीत, आपल्या वसईचा गोन्सालो मात्र परका. मला याचं फार वाईट वाटतं.

कोवळ्या वयात तो जेझुइटांबरोबर जपानला गेला. सुमारे आठ वर्षं त्यानं तिथं लोकांना धर्मशिक्षण दिलं, आणि जपानी भाषा अशी आत्मसात केली की जपानी माणसानं त्याला आपला म्हणावं. त्याची एकच इच्छा होती, जेझुइट संघात दाखल व्हायची. ती पुरी झाली नाही. संघानं त्याला घेतलं नाही.

मला हा माणूस इथंच सगळ्यात जवळचा वाटतो. ज्यांच्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षं दिली, त्यांनीच दार लावून घेतलं. अशा वेळी देवावर रुसणारी कितीतरी चांगली माणसं मी पाहिली आहेत. गोन्सालोनं व्यापार धरला, त्यात जम बसवला, पण मनातली ओढ मरू दिली नाही. पुढे मनिलात तो फ्रान्सिस्कन संघाकडे गेला आणि ब्रदर झाला. ब्रदर म्हणजे फादर नव्हे. मिस्सा अर्पण करायची नाही, पापकबुली ऐकायची नाही. पडेल ते काम करायचं.

१५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या फादरांबरोबर तो पुन्हा जपानला गेला, दुभाष्या म्हणून. सत्ताधीश हिदेयोशीपुढे बोलायचं होतं फादरांनी, पण ते पोचवायचं होतं गोन्सालोनं. नकाराआधीच्या त्या आठ वर्षांत शिकलेली भाषाच आता सगळ्यांच्या उपयोगी पडली. क्योतोत या फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही कुष्ठधामं पाहिलेल्या वैदर्भीय माणसाला त्या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

मग वारं फिरलं. १५९६ च्या अखेरीस धरपकड झाली. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची गाड्यांवरून धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेलं. एकूण २६ जण. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकीचे साधे जपानी ख्रिस्ती, त्यांत बारा वर्षांचा लुदोविको. ज्यांनी गोन्सालोला घेतलं आणि ज्यांनी घेतलं नाही, त्या दोन्ही संघांची माणसं अखेर एकाच वाटेनं चालली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रूस मांडले होते. असं सांगतात की गोन्सालो सगळ्यांच्या आधी पोचला, एका क्रूसाजवळ गेला आणि हा माझा का, असं त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर त्याला दुसऱ्याकडे नेलं. तिथं गुडघे टेकून त्यानं तो क्रूस कवटाळला. तिथंही पहिला क्रूस त्याचा नव्हता, आणि तिथंही त्यानं तक्रार केली नाही.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिलं. वसईत आज त्याच्या नावाचं कॉलेज आहे, गास गावात चर्च आहे. या २६ जणांचा सण ६ फेब्रुवारीला येतो. त्या सुमारास आमच्या मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणात क्रूसाची गोष्ट सांगितली, तर त्याआधीची व्यापाराची वर्षंही सांगा, अशी माझी फादर-सिस्टरांना विनंती आहे. परीक्षेत मागे पडलेल्या, मुलाखतीतून रिकाम्या हातानं परतलेल्या, सेमिनरीतून घरी आलेल्या मुलाला त्या वर्षांची गरज जास्त असते.