कोल्हापूर ते नागपूर विमानाने किती वेळ? नकाशावरचं आणि तिकिटावरचं गणित वेगळं का असतं?

कोल्हापूर आणि नागपूर ही एकाच राज्यातली, पण दोन टोकांची शहरं. महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालात तर पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेत जवळपास अख्खा दिवस गाडीत जातो. रस्त्यानेही ८०० किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. मग विमानाने किती?

हवाई अंतर किती?

कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ आणि नागपूरचं सोनेगाव विमानतळ यांच्यात सरळ रेघ मारली तर अंतर भरतं सुमारे ७०० किलोमीटर. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, त्यामुळे यात थोडी भर पडते.

वेळ कशावर ठरतो?

पहिली गोष्ट म्हणजे विमान कोणतं. छोट्या शहरांसाठी वापरलं जाणारं पंख्याचं एटीआर विमान ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाने जातं, तर छोटं जेट ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे याच अंतराला एटीआरला पावणेदोन तास लागू शकतात आणि जेटला सव्वा तास.

तिकिटावरचा वेळ फक्त हवेतला नसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, वेग कमी करत उतरणं, सगळं त्यात आलं. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात. त्यामुळे नागपूरला जाताना वाऱ्याची मदत होते आणि परतताना तोच वारा आडवा येतो.

घरातून निघून घरी पोहोचेपर्यंत?

विमानतळ गाठणं, सुटण्याआधी किमान तास-दीड तास हजर राहणं, सामान घेऊन शहरात जाणं. हे धरून प्रवास चार ते पाच तासांचा होतो. हा वरचा वेळ अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही. कोल्हापूर-मुंबईचं हवाई अंतर साधारण ३०० किलोमीटर, म्हणजे निम्म्याहून कमी, पण एकूण वेळ काही निम्मा होत नाही. म्हणूनच विमानाचा खरा फायदा लांबच्या, आडवळणाच्या मार्गांवर असतो.

मग अडतं कुठे?

असे मार्ग परवडावेत म्हणून केंद्राने २०१६ मध्ये उडान योजना आणली. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा आणि कंपनीला तीन वर्षं तोट्याची भरपाई, अशी तिची कल्पना. एप्रिल २०१७ मध्ये पहिल्याच दिवशी सुरू झालेल्या मार्गांत नांदेड-हैदराबादही होता.

पण महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालाने वेगळं चित्र दाखवलं. पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली. त्यानंतर, मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला जाणारा कार्यकर्ता असो वा शिकायला गेलेला विद्यार्थी, त्याच्यासाठी विमान सव्वा तासात पोहोचतं की पावणेदोन, हा प्रश्न दुय्यम आहे. ते आठवड्यातून किती दिवस उडतं आणि पुढच्या वर्षीही उडेल का, यावर त्याचा अख्खा दिवस वाचणार की नाही ते ठरतं.