तगरचे कापड आणि पाच दिवसांचे प्रशिक्षण

१/ धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. येथील कापड रोमन व्यापारापर्यंत पोहोचले, हे आपण अभिमानाने सांगतो. ते विणणारे हात कसे घडले, हे मात्र विचारत नाही. म्हणूनच आज त्याच जिल्ह्यातील तरुणांना कौशल्याच्या नावाखाली जे मिळते, ते आपण निमूट मान्य करतो. हा धागा त्या मौनाविरुद्ध आहे.

२/ आधी पुरावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार तगर पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर होते. तेथून गाड्यांतून, बिकट मार्गांनी, साधे कापड मोठ्या प्रमाणावर आणि नाना तऱ्हेची मलमल भडोचला जाई. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले.

३/ आपण ‘मलमल’ या शब्दापाशी थांबतो. खरा महत्त्वाचा शब्द ‘साधे कापड’ हा आहे. दूरच्या बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर माल एखाद्या अलौकिक कारागिराकडून येत नसतो. त्यासाठी शिकलेल्या हातांच्या पिढ्या लागतात, आणि त्यांना शिकवणारी व्यवस्थाही.

४/ ती व्यवस्था किती भक्कम होती? नाशिकच्या लेणे क्र. १० मधील शिलालेख पाहा. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने कायमचे ठेवले. सत्ताधारी ज्यांच्याकडे कायम ठेव ठेवत, त्या विणकरांची पत काय असेल!

५/ शिकण्याचेही नियम होते. नारदस्मृतीत शिकाऊ कारागीर ‘अंतेवासी’ म्हणून येतो. मुदत आधी ठरवायची. गुरूने त्याला जेवू घालायचे, पुत्रासारखे वागवायचे, दुसऱ्या कामाला जुंपायचे नाही. विद्या लवकर आली तरी मुदत पुरी करायची, आणि तोवरच्या कामाचे फळ गुरूचे.

६/ यावर कोणी म्हणेल, ‘मग जुनेच बरे होते!’ मुळीच नाही. पुढे हेच शिक्षण जातीत कोंडले गेले. चामड्याचे काम जन्माने लादले गेले. समाजाला वहाण हवी होती, ती घडवणाऱ्याचा स्पर्श नको होता. १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिलेल्या आयटीआयने हे दार कायद्याने सर्वांना उघडले. ही ऐतिहासिक कमाई आहे आणि ती सोडायची नाही.

७/ आक्षेप पुढच्या प्रवाहावर आहे. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, चर्मकार आहे, विणकर नाही. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, विद्यावेतन दिवसाला ५०० रुपये. योजना मुळात काम येणाऱ्यांसाठी आहे, हे मान्य. पण प्रमाणपत्रांची संख्या हेच यश मानण्याची सवय लागली की आठवड्याचे शिबिर वर्षाच्या शिक्षणाची जागा घेऊ लागते. मुलींच्या वाट्याला येते शिवणयंत्र आणि घरातला कोपरा. रंगाई, विणाई, कातडी कमावणे, मालाची पारख, बाजार हे सारे कोण शिकवणार?

८/ शेजारच्या सोलापूरसह महाराष्ट्र-कर्नाटकातील ८ जिल्ह्यांच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये प्राडाने तशाच चपला मिलानच्या मंचावर आणल्या तेव्हा आपण संतापलो. संताप रास्तच होता. पण ती चपल शिकायला आज तरुणाने कोठे जावे, किती महिने, कोणत्या विद्यावेतनावर? हे किती जणांनी विचारले? उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली. तिच्या मांसाची चर्चा होते, कातड्याची होत नाही.

९/ कौडगावच्या नियोजित तांत्रिक वस्त्रोद्योग संकुलाची बातमी वाचाल, तेव्हा एकरांपूर्वी हे विचारा : शिकाऊंची मुदत किती? पोटापुरते विद्यावेतन आहे का? शिकवणाऱ्या कारागिराला शिक्षकाचा दर्जा आणि वेतन आहे का? दार सर्व जातींना, मुलामुलींना सारखे उघडे आहे का?

१०/ तगरचे नाव घेण्याचा अधिकार या प्रश्नांतून येतो. ज्या जिल्ह्याने जगाला कापड पुरवले, त्याच्या मुलांना पाच दिवसांचे कौशल्य पुरेसे आहे असे म्हणणे, हा त्या इतिहासाचाच अवमान आहे.