दिवाळीची पोस्त हा उपकार नव्हे

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की जिन्यात, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरू लागतो : “तुम्ही मावशींना किती देणार?” त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो : कमीत कमी किती दिलं म्हणजे भागेल? काहीजण याच्याही पुढे जातात. मुळात द्यायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं असतं. हे म्हणणं मांडणारी माणसं दुष्ट नसतात आणि त्यांचे मुद्दे उडवून लावण्यासारखेही नाहीत. म्हणूनच ते एकेक करून तपासायला हवेत.

पहिला मुद्दा असा की ठरलेला पगार दरमहा देतो, मग वर आणखी कशासाठी? मुंबईच्या गिरणीमालकांनी शंभर वर्षांपूर्वी हेच म्हटलं होतं. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना भरघोस नफा झाला आणि 1917 पासून कामगारांना बोनस मिळू लागला. 1923चा बोनस मालकांनी नाकारला, तेव्हा जानेवारी 1924मध्ये गिरण्या बंद पडल्या. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्वाळा दिला की, कामगारांचा बोनसवर कोणताही हक्क सिद्ध होत नाही. मालकाने खुशीने दिलं होतं, त्याची खुशी संपली, विषय संपला.

पण विषय संपला नाही. 1965मध्ये बोनसचा कायदा आला. पुढे किमान बोनस 8.33 टक्के ठरला. या आकड्याचा अर्थ साधा आहे : वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार. आज कारखान्यातला कामगार बोनस घेताना साहेबाचे उपकार मानत नाही आणि कोणी तशी अपेक्षाही करत नाही. बोनसची ही तरतूद मात्र साधारणपणे वीस किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे लागू होते. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई एकटीच असते, त्यामुळे कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो. त्याच्याबरोबर आपली न्यायबुद्धीही तिथेच थांबावी का? पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापण्याचा राज्याचा कायदा व्हायला 2008 साल उजाडलं. इतक्या वर्षांनीही दिवाळीला मोलकरणीच्या हातात काय पडायचं, हे घरातल्या माणसांच्या मर्जीवरच राहिलं आहे.

दुसरा मुद्दा : “त्यांना पगार देणारे दुसरे आहेत.” पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ताईंबद्दल हे हमखास ऐकू येतं. महापालिका देतेच की, असं म्हणून माणसं दार लावून घेतात. ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महापालिकेच्या पगारी नोकर नाहीत. घराघरांतून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि वेचलेलं भंगार विकून येणारे पैसे, यावर त्यांची कमाई मुख्यतः उभी आहे. म्हणजे ज्यांनी दार लावलं, त्यांच्याकडूनच तो ‘पगार’ यायचा असतो. उलट घरपोच सिलिंडर आणून देण्याचा खर्च पावतीच्या रकमेतच धरलेला असतो. तिथे कोणी अडवून जादा पैसे मागितले, तर ते नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मागून उकळलेले पैसे ही बक्षिसी नव्हे. तरीही लिफ्ट बंद असताना जो चौथ्या मजल्यावर सिलिंडर खांद्यावरून चढवतो, त्याच्या हातावर आपण होऊन काही ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे.

तिसरा मुद्दा स्वाभिमानाचा. वरचे पैसे माणसाला लाचार करतात, असं म्हणतात. मला वाटतं, लाचार करते ती देण्याची तऱ्हा. विटलेली साडी आणि मऊ पडलेल्या चकल्या ‘पोस्त’ म्हणून देणं, आधी घेतलेली उचल त्यातून वळती करणं, देताना “आता खाडे करू नका हं” असं बजावणं, यात अपमान आहे. स्वच्छ पाकिटात पूर्ण रक्कम घालून, नावाने हाक मारून दिली, तर कोणाचा मान कमी होतो?

चौथा मुद्दा सर्वांत वजनदार आहे : टीप दिली की मालकाचं फावतं, तो पगार वाढवत नाही. हे खरं आहे. अमेरिकेत टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर अडकलं आहे. उरलेलं गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघेल, असं धरलेलं असतं. तिथे राहणाऱ्या मराठी माणसांना हॉटेलच्या बिलावर पंधरा-वीस टक्के का लिहावे लागतात, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. आपल्याकडे हे होऊ देऊ नये. पण वेटरची किंवा पार्सल आणणाऱ्या मुलाची टीप वाचवून आपण त्याच्या मालकाला धडा शिकवत नाही. झळ त्या मुलालाच बसते. बिलात सक्तीने लावलेलं सेवाशुल्क नाकारावं, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025मध्ये अशी सक्ती बेकायदा ठरवली आहे. आणि जे द्यायचं ते त्याच्या हातात द्यावं. शिवाय घरकामाच्या बाबतीत हा मुद्दा उभाच राहत नाही. मालकाचं फावतं म्हणता, पण घरात मालक आपणच आहोत. पगार वाढवणं आपल्याच हातात आहे.

मग करायचं काय? काम ठरवतानाच बोनस ठरवावा : दिवाळीला एक पूर्ण पगार, आणि काम मध्येच सुरू झालं असेल तर त्या महिन्यांच्या हिशेबाने. तो धनत्रयोदशीच्या आधी द्यावा, म्हणजे मावशींच्या घरचा बाजार वेळेवर होईल. फराळ, कपडे, मुलांसाठी काही द्यायचं ते प्रेमाने द्यावं, पण बोनसमधून वजा करू नये. पेपर टाकणारा, वॉचमन, जिना झाडणारी बाई यांच्यासाठी सोसायटीने वर्गणी काढून सर्वांना सारखं द्यावं; कोण जास्त हसून बोलतं यावर रक्कम ठरू नये.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका असे. मावशींचे खाडे त्यावर पेन्सिलीने मांडलेले असत. पाहुणे आले म्हणून त्या दोनदा भांडी घासून गेल्या, आई आजारी असताना पोळ्या लाटून गेल्या, ते दिवस कोऱ्या चौकटीतच राहिले. आजही पुष्कळ घरांत हिशेब असाच एकाच बाजूने लिहिला जातो. दिवाळीचा तो एक पगार म्हणजे त्या कोऱ्या चौकटींचं आपल्याकडे राहिलेलं देणं आहे, आणि देणं फेडताना कोणी उपकाराची भाषा बोलत नाही.