चौघांपैकी एक



ह्या सदरात मागे एकदा आम्ही असे लिहून गेलो की, दुसऱ्यासाठी झिजणाऱ्याला स्वतःचे सुख वेगळे शोधावे लागत नाही. वाक्य कानाला बरे लागले, म्हणून ते तसेच राहू दिले. त्याचा जाब विचारणारे एक पत्र मध्य प्रदेशातील एका भगिनीकडून आले आहे. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची इच्छा आहे. पत्राचा पहिलाच शब्द ‘राग’ हा आहे. सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांचे उठणेबसणे, औषधपाणी, अंगपुसणे हे सर्व ह्या भगिनी एकट्या करतात. धाकट्या जाऊबाई त्याच शहरात राहतात. सणावारी येतात, उशाशी फळे ठेवतात, डोळ्यांना पदर लावतात आणि जातात. “मी झिजले आहे,” असे ह्या भगिनी लिहितात, “सुख मात्र अजून माझ्या वाट्याला आलेले नाही. करुणेबद्दल लिहिणारे लोक बहुधा घर सोडून गेलेले असतात, म्हणून त्यांना ती इतकी गोड वाटत असावी.”

हा टोमणा अगदीच निराधार आहे असे आम्हांस म्हणवत नाही. भगवान बुद्धांनी घर सोडले होते. बौद्ध वाङ्मय ज्यांनी मराठी वाचकांच्या दारी आणून पोहोचविले त्या धर्मानंद कोसंबी यांनीही ते सोडले. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले कोसंबी पत्नीस व तान्ह्या मुलीस मागे ठेवून १८९९ साली बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ असे करीत सिंहलद्वीपास पोहोचले व तेथे पाली भाषा शिकले. ज्या ग्रंथासाठी त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे वेचली तो ‘विसुद्धिमग्ग’. १९४० साली मुंबईस भारतीय विद्या भवनाने त्यांची आवृत्ती प्रसिद्ध केली; हार्वर्ड येथील पौर्वात्य ग्रंथमालेत वॉरन यांचे अपुरे राहिलेले संपादन कोसंबींनी तपासून पुरे केले, ते १९५० साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी बाहेर पडले. ह्या भगिनींच्या पत्राचे उत्तर आम्ही त्याच ग्रंथात शोधीत आहोत. तो भिक्षूंसाठी लिहिलेला आहे हे खरे. परंतु त्याचे नववे प्रकरण वाचताना, लिहिणाऱ्याने भरलेले घर जवळून पाहिले असले पाहिजे, असे पदोपदी वाटत राहते.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपूरच्या महाविहारात हा ग्रंथ रचला. नवव्या प्रकरणाचा विषय आहे चार ‘ब्रह्मविहार’, म्हणजे चित्ताने राहण्याची चार श्रेष्ठ ठिकाणे: मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा. हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत आणि अडचण नेमकी तेथेच आहे. मराठीत मैत्री म्हटली की दोघे लागतात; येथील मैत्री एकतर्फी चालते, समोरच्याने होकार दिला पाहिजे असे नाही. सर्वांचे बरे व्हावे ही इच्छा म्हणजे मैत्री. दुःखिताचे दुःख दूर व्हावे ही इच्छा म्हणजे करुणा, आणि दुसऱ्याच्या भरभराटीने होणारा आनंद म्हणजे मुदिता. उपेक्षेचा अर्थ, कोणाकडेही झुकते माप न देता सर्वांकडे समबुद्धीने पाहणे. मराठीत ह्या चौथ्या शब्दाची काय गत झाली आहे ते आपण जाणताच. आपल्या बोलण्यातली उपेक्षा म्हणजे हेळसांड. अनुवादाचे काम करणाऱ्यास असे शब्द रोज भेटतात, पण ह्या शब्दाची कथा विशेष आहे. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता, मैत्रीची भावना करावयाची तर आरंभ कोणापासून करावा? आपणांपैकी बहुतेक जण म्हणतील, दीनदुबळ्यांपासून किंवा सर्व विश्वापासून. बुद्धघोषांचे उत्तर आहे: स्वतःपासून. मी सुखी असावे, निर्वैर असावे, असे प्रथम स्वतःविषयी चिंतावे. ह्यात आपमतलब नाही काय? ही शंका त्यांना ठाऊक होती. नुसती स्वतःविषयीची मैत्री शंभर वर्षे केली तरी ध्यान साधणार नाही, असे ते स्पष्ट सांगतात. आपण येथे साक्षीदार असतो, इतकेच. मला सुख हवे आहे व दुःखाचे भय वाटते, हे ज्याने स्वतःच्या ठायी नीट पाहिले, त्यालाच ते दुसऱ्याच्या ठायी कळते. ज्याने स्वतःला हिशेबातूनच वगळले त्याच्याजवळ तो साक्षीदार उरत नाही.

त्यानंतर गुरुजनांसारखी आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग जिच्याशी आपले देणेघेणे नाही अशी व्यक्ती, आणि सर्वांत शेवटी वैरी. हा क्रम मोडू नये, असा त्यांचा आग्रह आहे. तो मोडणाऱ्या एका तरुणाची गोष्ट ते देतात. मैत्रीची भावना कोणाविषयी करावी, असे त्याने आपल्या परिचयाच्या एका स्थविरांना विचारले. स्थविर म्हणाले, प्रिय व्यक्तीविषयी. तरुणाला प्रिय होती त्याची पत्नी. तो दार लावून ध्यानास बसला आणि तिच्याकडे जाण्याच्या ओढीने अंधारात रात्रभर भिंतीशी झुंजत राहिला! इतक्या गंभीर ग्रंथात ही गोष्ट यावी ह्याची आम्हांस मौज वाटते. पण तिचे प्रयोजन आहे. ओढ ही मैत्रीसारखीच दिसते; तिला मैत्री समजून जो चालू लागतो त्याला पुढे भिंत लागते.

ह्या प्रकरणाचा गाभा, निदान आमच्या समजुतीप्रमाणे, पुढील प्रसंगात आहे. साधक बसला आहे. त्याच्याजवळ एक त्याचा प्रिय, एक तटस्थ आणि एक वैरी असे तिघे आहेत. तो स्वतः चौथा. इतक्यात दरोडेखोर येतात आणि म्हणतात, तुमच्यापैकी एक जण आम्हांस द्या. त्याच्या गळ्याच्या रक्ताचा आम्हांस बळी द्यावयाचा आहे. साधकाच्या मनात आले की अमक्याला न्यावे, तर त्याच्या चित्तातील सीमा मोडलेली नाही. हे कोणालाही पटेल. परंतु त्याच्या मनात आले, मला न्या, ह्या तिघांना सोडा, तर?

आपण सर्व जण येथे त्याला धन्य म्हणू. आपल्या कथापुराणांनी तसेच शिकविले आहे. बौद्ध वाङ्मयातही बोधिसत्त्वाने देह अर्पण केल्याच्या जातककथा काही थोड्या नाहीत. तरीही बुद्धघोष येथे म्हणतात की, सीमा अजून मोडलेली नाही. कारण ज्याला न्यावे असे त्याला वाटले त्याचे अहित त्याने इच्छिले आणि उरलेल्यांचेच हित पाहिले. तो ‘ज्याला’ म्हणजे तो स्वतः असला म्हणून काय झाले? चौघांपैकी कोणालाच देता येत नाही, असे ज्याला दिसते, त्या चौघांविषयी ज्याचे चित्त सारखे आहे, त्याचीच भिंत पडली.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी हा प्रसंग पुन्हा एकदा सावकाश वाचावा, अशी आमची विनंती आहे. गेली तीन वर्षे त्यांच्या दारी रोज कोणी ना कोणी मागायला येते आणि त्या रोज त्याच एकीला पुढे करतात. लोक त्याला त्याग म्हणतात. आम्हीही म्हटले होते, आणि मूळ वाक्यात आमची चूक झाली ती हीच. झिजणे आणि करुणा ह्या दोन गोष्टी आम्ही एकच धरल्या.

बुद्धघोषांनी प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा व एक जवळचा. दूरचा शत्रू ओळखू येतो. मैत्रीचा द्वेष, करुणेचा क्रौर्य. जवळचा शत्रू मित्राच्या वेषात घरातच राहतो. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती. भिंतीशी झुंजणाऱ्या तरुणाला गाठले ते त्याने. करुणेचा जवळचा शत्रू आहे शोक. दुःखिताला पाहून स्वतःच दुःखात बुडणे हे करुणेसारखे दिसते, परंतु बुडालेला माणूस दुसऱ्याला हात देऊ शकत नाही. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेपर्वाई. मराठीने त्या शब्दाला दिला आहे तोच अर्थ! शब्द आपल्या जवळच्या शत्रूच्या घरी राहावयास गेला, तो परत आलाच नाही.

हे चारही भाव कसे असावेत हे समजावताना ग्रंथकार चार मुलांच्या आईचा दाखला देतात. एक मुलगा लहान, एक आजारी, एक ऐन तारुण्यात आलेला, एक आपल्या उद्योगात गुंतलेला. लहानग्याने वाढावे अशी तिची इच्छा, आजाऱ्याने बरे व्हावे अशी, तरुणाचे ते दिवस दीर्घकाळ टिकावेत अशी. आणि जो आपल्या कामात आहे त्याची ती चिंता करीत बसत नाही. त्या चौथ्या मुलावर तिचे प्रेम कमी आहे, असे कोणती आई म्हणेल?

हे सर्व ध्यानाचे झाले; अंथरुणाजवळ त्याचा काय उपयोग, असे आपण विचाराल. विनयपिटकातील ‘महावग्ग’ ग्रंथात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदासह भिक्षूंची निवासस्थाने पाहत असता एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय, असे विचारता तो म्हणाला, मी भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझे करीत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले; बुद्धांनी डोक्याकडून धरले, आनंदाने पायांकडून, आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले.

ही कथा आपण ऐकली असेल. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, ह्या आशयाचे भगवंतांचे म्हणणेही पुष्कळदा सांगितले जाते. मात्र त्यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही आणि आमच्या मते भगिनींच्या कामाचा तोच आहे. एक तर हे उचलण्याचे काम भगवंतांनीही एकट्याने केले नाही. त्यांनी आनंदाला हाक मारली. दुसरे असे की, त्यांनी लगेच भिक्षुसंघ जमवून नियम घालून दिला. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने, नसेल तर आचार्याने, शिष्याने, सहाध्यायाने शुश्रूषा करावी. कोणीच नसेल तर संघाने करावी, आणि संघाने केली नाही तर तो संघाचा दोष. शुश्रूषा हा एका भाविक जिवाचा खाजगी पराक्रम न ठेवता त्यांनी ती सर्वांची जबाबदारी ठरविली.

तिसरी गोष्ट आम्हांस फार आवडते. शुश्रूषा कोणी करावी व कोणी करू नये हे सांगताना, कोणत्या आजाऱ्याची शुश्रूषा कठीण असते हेही त्यांनी सांगितले: जो अपथ्य करतो, पथ्यातही प्रमाण ठेवीत नाही, औषध घेत नाही, आपले दुखणे वाढले की उतरले हे खरे सांगत नाही, वेदना सोसत नाही तो. चांगल्या शुश्रूषकाला औषध तयार करता यावे, हितकर काय व अहितकर काय हे कळावे, मलमूत्र, थुंकी, वांती काढण्याची त्याला किळस नसावी, आजाऱ्याला दोन चांगल्या गोष्टी बोलून उल्हसित करता यावे, आणि त्याने हे काही मिळावे म्हणून करू नये, मैत्रचित्ताने करावे. ह्या यादीत स्वतः झिजून जावे असे कोठेही नाही. आणि सेवा कठीण जाते ती काही वेळा आजाऱ्याच्या स्वभावामुळे, असे भगवंत मोकळेपणाने मान्य करतात. सासूबाईंचा कधी कधी संताप येतो, ह्या कबुलीने पत्रातील भगिनी खजील झाल्या आहेत. त्यांनी खजील होऊ नये.

मग जाऊबाईंचे काय? त्यांना हाक मारली पाहिजे, हे आनंदाच्या उदाहरणावरून उघड आहे. शुश्रूषेचे दिवस वाटून घ्यावेत, हे मागणे करुणेच्या आड येत नाही. परंतु भगिनींच्या मनातील राग हा निराळा प्रश्न आहे, आणि त्यावर बुद्धघोषांनी एकामागून एक उपाय दिले आहेत. रागावलेला माणूस दुसऱ्याला मारण्यासाठी हातात निखारा घेतो आणि प्रथम आपलाच हात भाजून घेतो, हे पाहावे. समोरच्याचे आचरण वाईट असेल तर त्याची वाणी पाहावी, वाणी वाईट असेल तर मन पाहावे. कोठे काही चांगले असेल ते धरावे. काहीच नसेल तर त्याची करुणा यावी. एवढ्यानेही राग जात नसेल तर अखेरचा उपाय असा की, त्याला आपल्याजवळचे काही द्यावे, किंवा त्याच्याकडून काही घ्यावे. हा उपाय सर्वांत शेवटी ठेवला आहे हे ध्यानात असावे. पहिल्याच दिवशी साडी घेऊन जाऊबाईंकडे जा, असे आम्ही सांगत नाही.

ह्या उपायाखाली एक आठवण दिली आहे. चित्तलपर्वताच्या विहारात भिक्षान्नावरच राहणारे एक स्थविर होते. तेथील ज्येष्ठ महास्थविरांनी त्यांना त्यांच्या निवासातून एकदा नव्हे, तीन वेळा उठविले. पुढे हे स्थविर आपले भिक्षापात्र घेऊन त्याच महास्थविरांकडे गेले आणि म्हणाले की, हे आठ कार्षापण किमतीचे पात्र माझ्या उपासिका आईने मला दिले आहे, ते योग्य मार्गाने मिळालेले आहे. आपण ते घ्यावे म्हणजे तिला पुण्य लाभेल. महास्थविरांनी पात्र घेतले. स्थविरांना त्यांची जागा परत मिळाली की नाही, हे बुद्धघोषांनी लिहिलेले नाही.